वाचकांचे प्रश्न : डोंगरावरची स्नोमोबाइल आणि दहा किलोंचा हिशेब

गेल्या अंकातील एका छोट्या नोंदीत आम्ही लिहिले होते की, डोंगराळ प्रदेशातील खोल बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचे (चाकांऐवजी पुढे दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या, आणि मागे फिरता पट्टा असलेल्या गाडीचे) उत्पादक पाच-दहा किलो वजन कमी करण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करतात. त्या नोंदीवर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

आधी एका शब्दाविषयी थोडे लिहितो. बहुतेक पत्रांत ‘ताकद’ हा शब्द आहे. कोणी तो इंजिनासाठी वापरला आहे, तर कोणी सांगाड्यासाठी. बोलताना हे चालून जाते, पण या गाडीच्या बाबतीत घोटाळा नेमका तिथेच होतो, कारण इंजिनाची ताकद वाढवली की सांगाड्याची ताकद अपुरी पडू लागते. म्हणून पुढे इंजिनासाठी ‘शक्ती’ आणि सांगाड्यासाठी ‘बळकटी’ असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत.

प्रश्न : नोंदीत १६५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा उल्लेख होता. एखाद्या मोटारीला पुरून उरेल एवढी शक्ती दोनशे किलोंच्या गाडीत असताना दहा किलो वाढले काय आणि घटले काय, फरक तो कितीसा पडणार?

आपली शंका रास्त आहे, आणि निव्वळ चढाचा हिशेब मांडला तर आपलेच म्हणणे खरे ठरते. गाडी, इंधन, चालक आणि त्याच्या पाठीवरचे सामान मिळून ३१० किलो धरू. हे वजन ३० अंशांच्या चढावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, या वेगाने वर न्यायला सुमारे १५ किलोवॅट, अर्थात जेमतेम २० अश्वशक्ती पुरते. त्यातून दहा किलो वजा केले तर वाचणारी शक्ती पाऊण अश्वशक्तीसुद्धा भरत नाही.

मग बाकीची शक्ती जाते कुठे? ती जाते बर्फात. या गाडीखाली रबराचा एक रुंद, अखंड फिरणारा पट्टा असतो, त्याला ट्रॅक म्हणतात, आणि डोंगरी गाडीच्या ट्रॅकवर अडीच ते तीन इंच उंचीची पॅडल असतात. ताज्या भुसभुशीत बर्फाला रस्त्यासारखा आधार नसतो. पॅडल बर्फ मागे लोटतात आणि त्या लोटण्याच्या जोरावर गाडी पुढे सरकते, वल्ह्यांनी होडी सरकावी तशी. त्यामुळे ट्रॅकचा वेग आणि गाडीचा वेग कधीच सारखा नसतो. समजा ट्रॅक ताशी ८० किलोमीटरने फिरतो आहे आणि गाडी प्रत्यक्षात ३० किलोमीटरने चढते आहे, तर ट्रॅकपर्यंत पोहोचलेल्या शक्तीपैकी पाच-अष्टमांश हिस्सा निव्वळ बर्फ उडवण्यात गेला. शिवाय गाडीचे नाक जो बर्फ दाबत आणि ढकलत पुढे जाते त्याचा खर्च निराळा, आणि इंजिनापासून ट्रॅकपर्यंत शक्ती नेणारे बेल्ट आणि क्लच गरम होण्यात जाते ते आणखी निराळे.

दहा किलोंचे महत्त्व येथे सुरू होते. गाडी जितकी खोल रुतेल तितका अधिक बर्फ तिला दाबावा लागतो, आणि रुतणे हे दर चौरस सेंटिमीटरवर किती भार पडतो यावर ठरते. १६५ इंच लांबीच्या ट्रॅकचा जमिनीवर टेकणारा भाग अंदाजे १७० सेंटिमीटर लांब आणि ३८ सेंटिमीटर रुंद धरला, आणि सोयीसाठी सगळा भार त्याच्यावरच आहे असे मानले, तर आपले ३१० किलो साडेसहा हजार चौरस सेंटिमीटरांवर पसरतात. दर चौरस सेंटिमीटरला भार येतो ५० ग्रॅमच्या आतबाहेर. याउलट, बूट घालून चालणाऱ्या ८० किलोंच्या माणसाचे एक पाऊल त्याच्या सहापटीहून अधिक दाब देते, म्हणूनच गाडीवरून उतरलेला चालक कमरेपर्यंत बर्फात जातो आणि गाडी वर तरंगत असते.

गंमत अशी की या हिशेबात वजन वाढवूनही गाडी बर्फावर ‘हलकी’ करता येते. १४६ इंचांच्या ट्रॅकऐवजी १६५ इंचांचा बसवला तर रबर, ट्रॅकला आतून आधार देणारे रुळ आणि ट्रॅकवरचे छत यांचे काही किलो वाढतात, पण टेकणारे क्षेत्रफळ साधारण सहाव्या हिश्शाने वाढते आणि दाब घटतो. अर्थात लांब गाडी झाडांच्या दाटीत वळवायला आडमुठी होते, म्हणून लांबी हवी तितकी वाढवता येत नाही.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे हे दहा किलो कुठले? इंधनाच्या टाकीखाली, गाडीच्या मध्यावर असलेला एक किलो आणि नाकाच्या टोकावरचा एक किलो तराजूवर सारखेच भरतात, पण गाडी वळवताना ते सारखे नसतात. वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यापासून एक मीटरवर असलेला किलो हा तीस सेंटिमीटरवरच्या किलोपेक्षा अकरापट अधिक जड ‘लागतो’. ट्रॅकमधल्या किलोचा खर्च तर तराजूवर कळतच नाही. ट्रॅक न घसरता फिरत असेल तर त्याचा खालचा पदर जमिनीला चिकटून स्थिर असतो आणि वरचा पदर गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे पळत असतो. दोन्ही मिळून हिशेब केला तर ट्रॅकच्या प्रत्येक किलोला वेग देण्यासाठी चौकटीवरच्या किलोच्या दुप्पट ऊर्जा लागते. घसरणाऱ्या ट्रॅकच्या बाबतीत हे प्रमाण आणखी वाढते. म्हणून अभियंते आधी फिरणाऱ्या वस्तूंना हात घालतात, आणि माझ्या मते ते बरोबरच करतात. पोलारिस कंपनीने २०१३ च्या मॉडेलवर्षात आपल्या डोंगरी गाड्यांमध्ये तेलात बुडालेली साखळी आणि तिची पेटी काढून दातेरी पट्ट्याचा ड्राइव्ह आणला, त्यामागे एकूण वजन कमी करण्याइतकाच फिरणारे वजन कमी करण्याचाही विचार होता.

प्रश्न : उंचावर हवा विरळ असते. मग डोंगरावर चालवायच्या गाडीला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आधीपासूनच का नव्हता?

समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे ७४ टक्के उरते. साध्या श्वासाने चालणारे इंजिन त्याच प्रमाणात अशक्त होते. खाली १६५ अश्वशक्ती देणारे इंजिन तिथे १२० च्या आसपास येते. वजन मात्र एक ग्रॅमही कमी होत नाही. अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत, जिथे या गाड्या पुष्कळ चालतात, तिथे ही उंची नेहमीची आहे.

बराच काळ यावरचा उपाय इंजिनाचा आकार वाढवणे आणि क्लच जुळवून घेणे हाच होता. या गाड्यांत गिअर नसतात. दोन शंकूंसारख्या चकत्यांमध्ये रबरी बेल्ट वरखाली सरकतो आणि गुणोत्तर आपोआप बदलते. चकत्यांवरची छोटी वजने फिरताना बाहेर झुकून बेल्टवर दाब देतात. वर गेल्यावर इंजिन अशक्त होते, मग तेच वजन त्याला भारी पडते आणि इंजिन आपल्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत, म्हणजे मिनिटाला आठ हजारांच्या आसपास, पोहोचतच नाही. म्हणून उंचीनुसार हलकी वजने बसवावी लागतात. हे काम अनुभवी चालक स्वतः करतात, आणि नवखे लोक गाडीला दम नाही म्हणून इंजिनाला दोष देतात.

टर्बो अडला तो टू-स्ट्रोक इंजिनाच्या स्वभावामुळे. या इंजिनात जळालेला वायू बाहेर जाताना आणि ताजे मिश्रण आत येताना दोन्ही दारे काही क्षण एकदमच उघडी असतात, आणि बाहेर जाणारी दाबलाट परत फिरून ताजे मिश्रण आत ढकलते. एक्झॉस्टच्या फुगीर नळीचा सगळा कारभार या लाटेवर चालतो. तिच्यामध्ये टर्बोचे टर्बाइन बसवले की ती लाट बिघडते. सुटे टर्बो बसवून देणारे कारागीर पूर्वीपासून होते, पण कारखान्यातूनच टर्बो घेऊन येणारी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल ‘स्की-डू’ या ब्रँडने २०२० च्या मॉडेलवर्षात आणली. तिचे ८५० सीसीचे इंजिन सुमारे २,४०० मीटरपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवून धरते, असा कंपनीचा दावा होता. तिचा उद्देश शक्ती वाढवणे हा नव्हता, ती हरवू नये हा होता, आणि हा मला फार समंजस निर्णय वाटतो. उंचीने हिरावलेली शक्ती परत दिली तर बेल्ट, चकत्या, ड्राइव्हशाफ्ट आणि ट्रॅक यांवर नवे ओझे पडत नाही, कारण खालच्या उंचीवर ते सगळे तेवढी शक्ती झेलतच असतात. तिथून पुढे शक्ती वाढवायची म्हटली की शाफ्ट जाड करा, बेल्ट रुंद करा, थंड करण्याची सोय वाढवा, असे चक्र सुरू होते, आणि त्यात वाढलेले किलो नव्या अश्वशक्तीचा बराचसा फायदा गिळून टाकतात.

प्रश्न : हलकी गाडी कमकुवत असणार हे उघड आहे. तरीही उत्पादक ‘अधिक हलकी आणि अधिक मजबूत’ असे म्हणतात. हे शक्य आहे का?

शक्य आहे, पण ‘मजबूत’ या शब्दाच्या पोटात तीन निरनिराळे गुण आहेत आणि जाहिरातीत ते एकत्र कालवले जातात. ताठपणा म्हणजे भाराखाली किती वाकते. बळकटी म्हणजे कायमचे वाकण्याआधी किती भार सोसते. आणि चिवटपणा म्हणजे तुटण्याआधी किती मार पचवते. यांतला पहिला गुण फुकटात वाढवता येतो, निदान काही मर्यादेपर्यंत.

पातळ पत्र्याच्या नळीचा व्यास दुप्पट करा आणि पत्र्याची जाडी निम्मी करा. धातू तितकाच लागला, वजन तेवढेच राहिले, पण वाकण्याला होणारा विरोध चौपट झाला. डोंगरी गाड्यांच्या सांगाड्यात जाड पट्ट्यांऐवजी रुंद, पोकळ, घडीव भाग दिसतात ते यामुळेच. पण जाडी निम्मी करण्याला अंत असतो. त्यानंतर बर्फाखाली दडलेल्या खडकाचा एक ठोसा नळीला पोचा पाडतो, आणि पोचा पडलेली नळी आपला गोल आकार, आणि त्याबरोबर आपला सगळा ताठपणा, गमावून बसते. म्हणजे ताठपणा वाढला, पण चिवटपणा घटला. उत्पादकाने खोटे सांगितले असे नाही, अर्धेच सांगितले.

दुसरी युक्ती जोडण्यांची आहे. रिव्हेटसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला ताण एकवटतो. ताणल्या जाणाऱ्या रुंद पत्र्यातील गोल भोकाच्या काठावर तो सरासरीच्या तिप्पट होतो. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते, म्हणजे लहान लहान हिसके कोट्यवधी वेळा बसले की त्याला कधी ना कधी चीर जातेच, आणि ती बहुधा अशाच भोकापासून सुरू होते. भाग चिकटवले तर तोच भार संपूर्ण पृष्ठभागावर पसरतो आणि पत्रा पातळ ठेवता येतो. पोलारिसने २०११ च्या प्रो-आरएमके गाडीत सांगाड्याचे भाग असे चिकटवून जोडले. (आरएमके म्हणजे ‘रॉकी माउंटन किंग’, नावात नम्रता नाही, पण गाडी कुठे चालवायची ते तरी स्पष्ट होते.) चिकटवण्याची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते, कारण रिव्हेट काढता येतो, तर चिकटवलेला भाग उष्णता देऊन किंवा कापूनच सोडवावा लागतो.

थंडीत मात्र ॲल्युमिनियमचे पारडे जड आहे. साधे पोलाद फार थंडीत ठिसूळ होऊ शकते. ॲल्युमिनियम होत नाही.

मला मात्र यांपैकी कशापेक्षाही अधिक कौतुक वाटते ते तुटण्याच्या क्रमाचे. पुढच्या दोन स्कींना धरून ठेवणारे इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचे हात असतात, त्यांना ए-आर्म म्हणतात, आणि ते ज्या पेटीला बोल्टने जोडलेले असतात तिला बल्कहेड म्हणतात. बर्फाखालच्या बुंध्यावर स्की आदळली की तो धक्का कुठेतरी संपवावाच लागतो. ए-आर्म फार दणकट केला तर तो शाबूत राहील आणि बल्कहेड फाटेल. मग गाडी त्या दरीतून ओढूनच आणावी लागेल, आणि दुरुस्तीसाठी तिचा निम्मा भाग सोडवावा लागेल. म्हणून चांगला अभियंता ए-आर्म जाणूनबुजून असा बेततो की तो आधी वाकावा. वाकलेल्या हाताची स्की फेंगडी होते, पण चालक एका बाजूला झुकून हळूहळू परत येऊ शकतो, आणि नवा हात चार-सहा बोल्ट काढून बसवता येतो. एका भागाची बळकटी कमी ठेवल्यामुळे संपूर्ण गाडी अधिक भरवशाची झाली, आणि वजनही वाचले.

प्रश्न : मग संपूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा का करत नाहीत? आणि जुन्या गाडीच्या पत्र्याला भोके पाडून वजन कमी करता येईल का?

वरच्या उत्तरातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. कार्बन फायबर वजनाच्या मानाने अतिशय ताठ आणि बळकट आहे, पण आघाताने ते वाकून इशारा देत नाही. आतले थर सुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि मग एक दिवस ते एकदम मोडते. ज्या भागांना भार ठरावीक दिशेने सोसावा लागतो आणि खडक लागण्याची भीती नसते, तिथे ते शोभते. शिवाय ॲल्युमिनियमला ते थेट चिकटून राहिले आणि मध्ये ओल शिरली तर ॲल्युमिनियम गंजते, म्हणून दोघांत विलग करणारा थर ठेवावा लागतो.

भोकांविषयी मात्र स्पष्ट सांगतो, पाडू नका. कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पायफळीला मोठी भोके असतात ती बर्फ खाली पडावा म्हणून, आणि त्यांच्या कडा वळवून ताठ केलेल्या असतात. ड्रिलने पाडलेल्या भोकाची कडा वळवलेली नसते. त्यातून निघणारा चुरा तळहातावर घेऊन वजन करून पाहा; तेवढ्यासाठी आपण ट्रॅकवरच्या संपूर्ण छताला चीर जाण्याच्या जागा नेमून दिल्या, एवढेच निष्पन्न होईल.

प्रश्न : मोटारी विजेवर गेल्या, डोंगरी स्नोमोबाइल अजून धूर ओकणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनालाच का धरून बसली आहे?

टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीत एकदा शक्ती देते, फोर-स्ट्रोक दर दोन फेऱ्यांत एकदा. आणि टू-स्ट्रोकला झडपा, कॅमशाफ्ट वगैरे लवाजमा लागत नाही. तेवढ्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन लक्षणीय जड होते आणि ते सगळे वजन नाकात, म्हणजे नको तिथेच, येऊन बसते. बांधलेल्या सपाट वाटांवर फोर-स्ट्रोक उत्तम चालते. धुराबाबत एवढेच म्हणेन की इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी आजची टू-स्ट्रोक इंजिने जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहेत, तरी स्वच्छ म्हणावीत इतकी नाहीत.

विजेच्या मोटरचा एक मोठा गुण असा की तिला हवा लागत नाही, त्यामुळे उंचीचा प्रश्नच मिटतो. अडचण बॅटरीची आहे. चाळीस लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३० किलो. त्यात ३६० किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि इंजिनाने त्यातली फक्त पंचमांश कामी आणली तरी ७० किलोवॅट-तास मिळतात. बॅटरी पॅकमध्ये किलोमागे १६० वॅट-तास धरले तर तेवढ्या ऊर्जेसाठी सुमारे ४५० किलोंची बॅटरी लागेल, म्हणजे गाडीच्या दुपटीहून जास्त. आणि हे ओझे पेट्रोलसारखे वाटेत हलके होत जात नाही. छोट्या फेऱ्यांसाठी, जिथे परत येऊन चार्ज करता येते, विजेची गाडी आजही उपयोगी आहे; दिवसभर खोल बर्फात भटकण्यासाठी नाही.

प्रश्न : हलकी गाडी हिमस्खलनाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते का?

नाही. अस्थिर थर खाली आणायला पायी चालणाऱ्या माणसाचेही वजन पुरते, मग गाडीतले वीस किलो कमी असोत वा नसोत. धोका ठरतो तो उताराच्या कोनावर, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, आणि बर्फाच्या थरांच्या अवस्थेवर. हलक्या आणि शक्तिशाली गाडीमुळे चालक पूर्वी न पोहोचणाऱ्या उतारांवर पोहोचतो, हे मात्र खरे.

प्रश्न : माहितीपत्रकात ‘कोरडे वजन’ लिहिलेले असते. त्यावर कितपत विसंबावे?

दोन गाड्यांची ढोबळ तुलना करण्यापुरते. कोरड्या वजनात पेट्रोल नसते, आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी, तेल वगैरे द्रवही साधारणपणे धरलेले नसतात; टाकी भरली की तीसेक किलो एकट्या पेट्रोलचेच वाढतात. पण ज्याची नोंद कोणत्याच कागदावर नसते असा एक भार आहे, तो म्हणजे बर्फ. या गाडीचे इंजिन थंड राहते ते ट्रॅकच्या छताला आतून लावलेल्या थंडावा देणाऱ्या नळकांड्यांवर उडणाऱ्या बर्फामुळे. तोच बर्फ गरम भागाजवळ वितळतो, थंड भागावर थिजतो आणि पायफळ्या, स्प्रिंगा, रुळ यांवर थर धरून बसतो. दिवस संपेपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यांत साचलेला हा बर्फ अनेक किलोंचा होतो, आणि बहुतांशी तो मागच्या टोकाला असतो, म्हणजे पुन्हा नको तिथेच. त्यामुळे गाडी निवडताना कोरड्या वजनातल्या दोन-तीन किलोंच्या फरकापेक्षा छत किती अरुंद आहे, पायफळ्या किती मोकळ्या आहेत आणि मागच्या सस्पेन्शनमध्ये बर्फ अडकायला किती सांदी आहेत, हे वाकून पाहावे. आर्क्टिक कॅट कंपनीने २०१९ च्या मॉडेलवर्षात मागे दोन रुळांऐवजी एकच मधला रुळ असलेली रचना आणली, तिचा एक फायदा हाच होता की बर्फ साचायला जागाच कमी राहिली.

रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाडीचा ट्रॅक सकाळी गोठून घट्ट बसलेला असतो. तेव्हा चालक मागचा बंपर दोन्ही हातांनी धरतो, मागचे टोक जमिनीपासून हातभर उचलतो आणि सोडून देतो; बर्फाचे खपले पडेपर्यंत दोन-तीनदा हेच करतो. गाडी विकत घेण्यापूर्वी दुकानातच तो बंपर एकदा उचलून पाहावा.